माग चालू असताना

मेहता हे माझं आडनाव नाही. माझं आडनाव घरत. पण भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्याचा कारभार जो बघतो त्याला सगळे मेहताजी म्हणतात, आणि बावीस वर्षं ऐकून ऐकून आता बायकोही घरी तेच म्हणते. नारपोलीत हितेश शेठच्या कारखान्यात कामगार वेळेवर उभे करणं, बिघडलेला माग चालू करून घेणं, वीजवाल्यांशी भांडणं ही सगळी माझी कामं. स्वभाव तापट आहे, ते मी लपवत नाही. कुणी चेंगटपणा केला की माझं डोकं सटकतं. माझ्या शिस्तीचा मला अभिमानही आहे. आमचा कारखाना शुक्रवारी बंद असतो. दुरुस्ती, साफसफाई, तपासणी, जे काही असेल ते मी शुक्रवारीच उरकून घेतो. बाकीचे सहा दिवस माझ्या ढिलाईमुळे एक माग तरी उभा राहिला, असं कुणी दाखवून द्यावं.

पण हे माझं पुराण झालं. सांगायचंय ते मेघाली तरेबद्दल.

मेघाली कामतघरची. वय चौतीस, अंगाने ठेंगणी, आवाज असा खणखणीत की माग चालू असतानाही दाराबाहेरून ऐकू यावा. तिची आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामाला जायची आणि मागांच्या खडखडाटातच ही पोर मोठी झाली. आयटीआयमध्ये तिने वायरमनचा कोर्स घेतला तेव्हा वर्गात एकटीच मुलगी होती. शिकाऊ म्हणून ती आमच्याच कारखान्यात आली, आमच्या वायरमनच्या, सावळारामच्या हाताखाली. पहिल्याच दिवशी मी तिच्यासमोर म्हणालो होतो, "इथे मुलीचं काय काम?" तर ही म्हणाली, "वायरला थोडंच कळतं मेहताजी, हात कुणाचा आहे ते." मी गप्प बसलो. मी गप्प बसल्याच्या आठवणी फार नाहीत, म्हणून ही लक्षात राहिली.

पुढे पाच वर्षं तिने एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काढली. मग बायपासकडच्या गोदामांत देखभालीच्या कामाला लागली, आणि तिथेच तिची थर्मल कॅमेऱ्याशी गाठ पडली. हा कॅमेरा उजेड बघत नाही, ऊब बघतो. वरून ठीकठाक दिसणाऱ्या पॅनेलमध्ये कुठली वायर तापलीये ते तो रंगात दाखवतो, आणि प्रत्येक ठिपक्याचं तापमान आकड्यात नोंदवतो. मेघालीने असा एक जुना कॅमेरा मिळवला आणि स्वतःचं काम सुरू केलं. तिचं म्हणणं सोपं होतं. कॅमेरेवाल्यांना वायरी कळत नाहीत, वायरमनला कॉम्प्युटर कळत नाही, मला दोन्ही कळतं. स्वतःबद्दल असं तोंडावर बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. तिचा येत नाही, कारण ती बोलते तेवढं करून दाखवते.

तर डिसेंबरातल्या एका मंगळवारी मी मेघालीला बोलावलं. सावळारामची नोकरी जायची वेळ आली होती.

सावळाराम वाडा तालुक्याकडचा, कुणब्याचा. सव्वीस वर्षं आमच्या कारखान्याच्या वायरी त्याच्या हातात. कमी बोलणारा माणूस. दिवाळीआधी शेठने चोवीस नवे माग आणले आणि जुन्या अठ्ठेचाळीस मागांच्याच पॅनेलवर जोडायला लावले. सावळारामने चार-पाच दिवसांत सांगितलं, "शेट, वायर तापते. जाड केबल टाकाया पायजे." शेठला ते पटेना, पण त्याने थर्मल कॅमेऱ्याच्या एका कंपनीकडून तपासणी करून घ्यायचं मान्य केलं. कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला. वर हिरवा शिक्का होता, सर्व समाधानकारक. शेठने तो सावळारामच्या नाकासमोर धरला. तीन आठवड्यांनी पॅनेलमध्ये धूर झाला आणि मधल्या फेजची वायर सांध्यापाशी जळून तुटली. नशीब, आग पसरली नाही.

शेठचा हिशेब सरळ होता. रिपोर्टमध्ये सगळं थंड होतं, म्हणजे त्यानंतर कुणीतरी सांधा सैल केला. पॅनेलची चावी एकट्या सावळारामकडे. स्वतःचं खरं करायला त्यानेच हे केलं. जळलेली वायर शेठने बाहेरच्या वायरमनकडून बदलून घेतली, तेवढ्याच जाडीची, आणि त्यालाच बुधवारपासून कायमचं यायला सांगितलं. सावळारामने मंगळवारी संध्याकाळी चावी द्यायची आणि जायचं.

सव्वीस वर्षांनी माणूस जातो, तेही कारखाना जाळायला निघालेला म्हणून. त्याला दुसरीकडे कोण उभं करणार? मी शेठच्या मागे लागलो, भांडलो म्हटलं तरी चालेल, आणि एक दिवस मिळवला. शेठ म्हणाला, "आन तुझी ती मेघाली. पन ती सावळारामचीच चेली हाय, ह्ये मी इसरलो न्हाय."

ही गोष्ट मी तिला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "मग फोटोने भागणार नाही, मेहताजी. फोटो कधीचाही दाखवता येतो. सलग रेकॉर्डिंग करू. पॅनेल थंड असल्यापासून सगळे माग चालू होऊन तास होईपर्यंत, मध्ये एका सेकंदाचीही फट नको. फट पडली की शेठ म्हणणार, तेवढ्यात काहीतरी केलं."

मंगळवारी सकाळी आठला ती स्कूटरवरून आली. मी शिफ्टच्या मधल्या वेळात सगळे माग बंद ठेवले होते. तिने पॅनेलसमोर तिकाटणं लावलं, वर कॅमेरा बसवला आणि कॅमेऱ्यातून निघालेली निळी केबल लॅपटॉपमध्ये खुपसली. तिच्या लॅपटॉपच्या झाकणावर जागोजागी पांढऱ्या चिकटपट्ट्या आहेत आणि त्यांवर बारीक अक्षरात आकडे लिहिलेले. एका पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: नेट लावू नये. शेठ खुर्ची टाकून बसला. सावळाराम भिंतीपाशी उभा राहिला, हाताची घडी घालून.

लॅपटॉपवर खिडकी उघडली. त्यात लिहून आलं, कॅमेरा सापडला नाही.

मेघालीने केबल काढून परत लावली. सापडला नाही. कॅमेऱ्याचा दिवा तर हिरवा. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला. सापडला नाही. अर्धा तास गेला. कामगार दारात येऊन डोकावून जायला लागले. माझा पाय आपोआप हलायला लागला.

"काय मॅडम, कॅमेरा ऱ्हायला का घरी?" शेठ म्हणाला.

मेघालीने स्क्रीनवर काहीतरी उघडलं, वाचलं आणि सरळ शेठकडे वळली. "चूक माझी आहे, शेठ. काल मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी हा लॅपटॉप दिला. तिने नेट लावलं आणि त्याने अपडेट ओढून घेतला. माझी सगळी सेटिंग उडाली. मी निघताना तपासायला हवं होतं, तपासलं नाही. पंधरा मिनिटं द्या."

मला तिची कीवच आली. शेठसमोर चूक कबूल करायची? केबल खराब आहे म्हणायचं, लाइटीवर ढकलायचं, मोकळं व्हायचं. इतकी वर्षं मी तेच करत आलोय. शेठने मात्र हातानेच खूण केली, करा म्हणून. त्याला बोलायला तिने काही ठेवलंच नव्हतं.

मग ती कामाला लागली आणि करता करता मला सांगत गेली, मला कळावं म्हणून की शेठने ऐकावं म्हणून, कोण जाणे. कॅमेरा आणि लॅपटॉप, दोघांना एकेक पत्ता असतो. दोघं एकाच गल्लीत राहत असतील तरच एकाचा निरोप दुसऱ्याला पोचतो. अपडेटने लॅपटॉपचा पत्ता बदलून टाकला होता. तिने झाकणावरच्या पट्टीवरचे आकडे बघून तो हाताने भरला. तरी सापडेना. "आता दारावरचा पहारेकरी," ती म्हणाली. लॅपटॉपमध्ये अनोळखी कुणी घुसू नये म्हणून पहारा असतो, आणि नव्या पहारेकऱ्याने कॅमेऱ्यालाच अनोळखी ठरवलं होतं. तिने त्याला परवानगी दिली. शेवटी आमच्या ऑफिसच्या वायफायला लॅपटॉप परस्पर चिकटला होता, तो तोडला.

खिडकीत आमचं पॅनेल उमटलं. सगळं निळं-जांभळं, थंड. तिने घड्याळ बघितलं. "चौदा मिनिटं," ती म्हणाली आणि शेठकडे बघून हसली. मीही हसलो. शेठने तोंड फिरवलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. मी जुने माग चालू करायला सांगितले. अठ्ठेचाळीस माग एकापाठोपाठ एक धडधडायला लागले आणि बोलणं ओरडून करावं लागायला लागलं. पडद्यावरच्या तिन्ही वायरी हळूहळू जांभळ्याच्या केशरी झाल्या. आकडा अठ्ठावीसवरून अडतीस, मग पंचेचाळीस. तिथे तो थांबल्यासारखा झाला.

"अजून नवे माग नकोत," मेघाली ओरडली. "थांबा!"

मला वाटलं, वायर तापली. तसं नव्हतं. खाली एका कोपऱ्यात एक छोटा आकडा होता आणि तो वाढत होता. तिने त्यावर बोट ठेवलं. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं पाठवतो. लॅपटॉपने ती सगळी लिहून ठेवायची. जी लिहायला जमली नाहीत, ती हा आकडा मोजतो. तो शून्य पाहिजे. आत्ता तो एकशे चाळीस होता.

"म्हंजे पडली ना फट?" शेठने बरोबर पकडलं. शेठ मूर्ख नाही, हे मी नेहमी सांगत आलोय.

"पडली," ती म्हणाली. "हे रेकॉर्डिंग मी धरणार नाही. माग बंद करा, मेहताजी. पहिल्यापासून."

अठ्ठेचाळीस माग बंद करायचे, वायरी थंड व्हायची वाट बघायची, परत सुरू करायचे. साडेदहा वाजलेले. कामगार वैतागले, एकाने मला ऐकू जाईल अशी शिवीही दिली. मी तिला बाजूला घेतलं. "अगं, एकशे चाळीस चित्रं म्हणजे पाच सेकंद. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय," ती म्हणाली. "आणि सावळाकाकांनी मला असं शिकवलं नाही."

काकांचं शिकवणं मला माहीत होतं. पॅनेल बंद केल्यावरही टेस्टर लावून बघायचा. टेस्टर लावायच्या आधी तो चालू पॉइंटवर लावून बघायचा, चांगला आहे ना. आणि मगच वायरीला हात लावायचा. नवीन पोरं याला हसतात. मेघाली कधी हसली नाही.

वायरी थंड होईपर्यंत तिने दोष शोधून काढला. अपडेटबरोबर व्हायरस तपासणारं एक नवं प्रकरण लॅपटॉपमध्ये आलं होतं. कॅमेऱ्याचं प्रत्येक चित्र डिस्कवर लिहिलं जाताच ते त्याला थांबवून झडती घ्यायचं. नाक्यावर प्रत्येक टेम्पो थांबवला तर मागे रांग लागणारच. तिने रेकॉर्डिंगसाठी वेगळी जागा केली, झडतीवाल्याला तिथे यायची बंदी केली, लॅपटॉप झोपी जायची सवय बंद केली आणि नुसतं पॅनेल दहा मिनिटं रेकॉर्ड करून बघितलं. शून्य. आणखी पाच मिनिटं. शून्य. मग तिने मला मान हलवून खूण केली.

साडेअकराला परत सुरुवात. जुने माग. पंचेचाळीसवर आकडा थांबला. तिने अर्धा तास तसंच ठेवलं. मध्येच टिक असा आवाज झाला आणि चित्र क्षणभर गोठलं. शेठ खुर्चीतून उठला. "बघ, अडाकला!"

"अडकला नाही, शेठ. दर थोड्या वेळाने हा कॅमेरा स्वतःच पापणी मिटतो आणि आतल्या आत आपला काटा नीट करून घेतो. कंपनीने असाच बनवलाय. हा बघा कोपऱ्यातला आकडा." शून्य होता. शेठ बसला.

मग नवे माग, सहा सहा करून. पहिले सहा, आकडा एकावन्न. बारा, सत्तावन्न. चोवीसच्या चोवीस चालू झाल्यावर सगळे पडद्याकडे सरकले. साठ. सहासष्ट. तासाभरात चौऱ्याहत्तर. पडद्यावर तिन्ही वायरी वरपासून खालपर्यंत पांढऱ्याफटक पेटल्यासारख्या दिसत होत्या.

मेघालीने पेनाच्या टोकाने दाखवलं. "सांधा सैल असता तर सांध्यापाशी सगळ्यात जास्त तापलं असतं आणि वायरीवर पुढे पुढे कमी झालं असतं. इथे सांध्याला चौऱ्याहत्तर, आणि वीतभर खालीही चौऱ्याहत्तर. तिन्ही फेजला सारखं. अख्खी वायर तापलीये. आणि मधला सांधा तर काकांनी नाही, तुमच्या नव्या वायरमनने आवळलाय. आवळण्यात खोट नाही. वायर बारीक आहे आणि माग जास्त आहेत. सत्तरच्या वर या वायरीचं वरचं प्लास्टिक मऊ व्हायला लागतं. जिथे वायर आधीच दाबलेली, वळलेली असेल, तिथे ती पहिली जाते. मधली बघा, सांध्यापाशी किती वळलीये. म्हणून तीच गेली."

सावळारामने इतक्या वेळात पहिल्यांदा हाताची घडी सोडली.

मला वाटलं, जिंकलो. पण शेठ गप्प बसणारा नव्हता. त्याने सगळ्यांना ऑफिसात नेलं, दार लावलं, जुनी फाइल टेबलावर टाकली. "आजचं मानलं. वायर मी उद्याच बदलतो, तवर सांजपासनं नवे माग बंद. पन मला ह्ये सांग, तवाबी ह्येच माग, हीच वायर. मग तवा कॅमेऱ्यात थंड कशी दिसली? कायतरी लफडं केलेलं हाय, आनि त्याबिगर ह्यो रिपोट असा आला न्हाय."

"मूळ फाइल आहे का?" मेघालीने विचारलं. "कागद नको. कॅमेऱ्यातली."

होती. त्या माणसाने एक पेनड्राइव्ह दिला होता, तो माझ्या खणात पडला होता. तिने तो लावला. लॅपटॉपने सांगितलं, फाइल उघडता येत नाही. नव्या अपडेटने जुन्या प्रकारच्या फायली वाचणंच सोडून दिलं होतं. ती जराही गडबडली नाही. बॅगेतून तिने एक डबी काढली, डबीतून दुसरा पेनड्राइव्ह. त्यात त्याच सॉफ्टवेअरची चार वर्षांपूर्वीची प्रत होती. "मी जुनं फेकत नाही," ती म्हणाली. पाच मिनिटांत जुनी प्रत बसली आणि फाइल उघडली.

पॅनेलचा फोटो, लाल, पिवळा, निळा, रंगीबेरंगी. मेघाली आकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी आली.

"शेठ, रंगावर जाऊ नका. सॉफ्टवेअर सगळ्यात गरम जागेला लाल रंग देतं, मग ती कितीही असो. इथलं लाल आहे एकोणतीस. निळं आहे सत्तावीस. खोली किती होती? अठ्ठावीस." ती थांबली. "या वायरीतून करंट जातच नव्हता. फोटो काढला तेव्हा माग बंद होते."

शेठने टेबलावरच्या फाइलचं शेवटचं पान उलटलं. कंपनीचा फॉर्म होता. एक ओळ होती, तपासणीच्या वेळी लोड: पूर्ण, अर्धा, नाही. पूर्णवर टिक होती. खाली माझी सही.

"हितं तर पूर्ण लिवलंय," शेठ म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा पालटला, उत्तर सापडल्यासारखा. "आसं हाय तर. कॅमेरावाला आला तवा कोनीतरी मेन पाडली. मेन कोनाच्या हातात? सावळारामच्या. आधी फोटू थंड काढून घेतला, मंग वायर जाळली, मला खोटा पाडाया."

हे कुणालाही न पटणारं होतं. स्वतःच तक्रार करणारा माणूस फोटो थंड कशाला काढून घेईल? पण शेठला पटलं होतं, आणि कारखाना शेठचा. सावळाराम माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, नुसता बघत होता.

मेघालीने विचारलं, "मेहताजी, फाइलमध्ये तारीख आहे चौदा नोव्हेंबर, सकाळी अकरा वीस. त्या दिवशी माग चालू होते का?"

माझ्या खुर्चीमागे कॅलेंडर आहे. मी वळून पान मागे उलटलं. चौदा नोव्हेंबर, शुक्रवार.

त्या माणसाला मीच बोलावलं होतं. शुक्रवारी, कारण तपासणी म्हणजे शुक्रवार, कारण चालू माग अडवायचे नाहीत, ही माझी शिस्त. सावळारामला मीच त्या दिवशी सुट्टी दिली होती, त्याच्या बायकोला, गोदूवहिनींना, गावी न्यायचं होतं म्हणून, आणि पॅनेलची चावी त्याच्याकडून मागून ठेवली होती. कॅमेरेवाला नवखा होता, त्याने फॉर्म पुढे केला, मी चहा पिता पिता प्रत्येक ओळीतल्या पहिल्या चौकटीत टिक मारत गेलो आणि सही ठोकली. एक अक्षर वाचलं नाही. आणि वर मी सावळारामसाठी शेठशी भांडत होतो, स्वतःला मोठा समजत.

खोटं सांगत नाही, माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हेच की कंपनीच्या माणसावर ढकलावं. माग चालू होते, त्याचाच कॅमेरा बिघडलेला होता, असं म्हणावं. शब्द जिभेच्या टोकावर आले होते. समोर तो पट्ट्या चिकटवलेला लॅपटॉप होता आणि त्याच्या मागे सकाळी सगळ्यांसमोर चूक माझी म्हणालेली बाई बसली होती.

"शेठ," मी म्हणालो, "चूक माझी आहे. तो शुक्रवार होता. मीच बोलावलं शुक्रवारी. कारखाना बंद होता, सावळाराम गावी होता. फॉर्म न वाचता मी टिक मारली. त्याने काहीही केलेलं नाही. माझ्यामुळे झालं हे सगळं."

शेठने फाइल मिटली. मग त्याने मला चार शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत आणि मला ते लागू होते. बाहेर जाताना त्याने फोन काढला आणि उद्यापासून येणाऱ्या वायरमनला नको म्हणून सांगितलं. दारातून मागे वळून म्हणाला, "सावळाराम, केबल कंची आनायची ती तूच सांग आता."

सावळारामने खिशातून पॅनेलची चावी काढली. संध्याकाळी द्यायची म्हणून सकाळीच तिला जोडलेला दोरा सोडून ठेवला होता. तो दोरा त्याने परत ओवला. मी त्याच्याकडे जाऊन म्हणालो, "सावळाराम, मला खरंच लक्षात आलं नव्हतं रे."

"मना म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "गेटवरच्यानं सांगलेलं, शुक्रवारी आल्ता म्हनून. मना वाटलं तुमाला बी ठावं हाय. तुमी सांगाल म्हनून थांबलो."

चार आठवडे तो थांबला होता. मी त्याच्यासाठी भांडताना तो माझ्याकडे बघायचा, त्याला मी उपकाराची जाणीव समजत होतो. माझे डोळे भरून आले, आणि आवाज चढवून ते लपवायची सवय त्या दिवशी कामाला आली नाही. त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पॅनेलकडे निघून गेला.

मेघाली वायरी गुंडाळत होती. तिने यातलं काही ऐकलंच नाही असं दाखवलं, हा तिचा चांगुलपणा. मग तिने बॅगेतून तिचा स्वतःचा फॉर्म काढला आणि पेन माझ्या हातात दिलं. त्यातही तीच ओळ होती: तपासणीच्या वेळी लोड. तीन चौकटी.

"वाचून करा, मेहताजी," ती म्हणाली. तेवढंच. टोमणा नव्हता त्यात, ती सगळ्यांनाच तसं सांगत असावी.

मी पेन खिशाला लावलं आणि आत गेलो. खडखडाटात पहिल्या रांगेपासून सुरुवात केली आणि प्रत्येक मागापाशी थांबून, सूत नेणारा धोटा फिरतोय ना, नव्या मागांना धोट्याच्या जागी असतो तो पट्टा हलतोय ना, बघत बघत शेवटच्या भिंतीपर्यंत गेलो. कामगार हसत होते, मेहताजीला काय झालं म्हणून. बहात्तर माग होते आणि बहात्तर चालू होते. मग परत ऑफिसात आलो, ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि टिक मारली.